फरसबंदीवरचं मौन

खणकन ताटली पडली आणि पहाटेची शांतता फुटली. प्रमिलाच्या ओठांवर आलेलं "अगंबाई!" तिनं कसंबसं गिळलं.

"आसंच!" सासूबाई भिकुबाई खूश झाल्या. "देवीनी घंटा वाजाडशी तोपावत तोंडमाईन सबद निंघाले नको. आन् एक चढनले एकच मागनं, बरं!"

डोंगरावरच्या देवीला एका चढणीला एकच मागणं हा सगळ्यांचाच नेम; घंटेपर्यंतचं मौन मात्र भिकुबाईंच्या घरचं. प्रमिलाचं मागणं ठरलेलंच होतं. नवरा हिलाल दीपनगरला वीज केंद्रात, चौघा मित्रांबरोबर एका खोलीत. क्वार्टर मिळाली की प्रमिला आणि पाच वर्षांची रेखी तिकडे जाणार. रेखी वडिलांना सणासुदीच्या पाहुण्यासारखं लाजायची, ते प्रमिलाला बघवत नव्हतं.

पिंपळनेरपुढच्या त्या डोंगराची फरसबंदी फार जुनी. सुरतेकडे माल नेणाऱ्या बैलांच्या खुरांनी दगडांना खळगे पडलेले. फाल्गुनात त्या खळग्यांत पळसाची फुलं साचायची, जणू कुणी वाटभर निखारे सांडलेत. प्रमिलाबरोबर चढताना रेखी ओचा भरून फुलं वेचत होती. मागून रुख्माबाई आली. डोंगरापल्याडच्या पाड्यावरची, डोक्यावर नारळाची टोपली.

"कोनतं गाव वं, माय?"

प्रमिलानं खाली बोट दाखवलं.

"आई बोलत नै," रेखीनं खुलासा केला.

"आरे देवा! कव्हयपासून?"

"कधीची!" सकाळपासून म्हणजे रेखीच्या हिशेबानं युगच.

प्रमिलानं जोरजोरानं मान हलवली, हात हलवले, कपाळाला हात लावला. प्रत्येक खुणेगणिक रुख्माबाईचे डोळे भरत गेले. पुढच्या वळणावर तिनं बायकांना थांबवून बातमी दिली. त्यापुढच्या वळणावर कुणी प्रमिलाची पिशवी घेतली, कुणी तोंडात गूळ कोंबला. आणि बहिऱ्याशी बोलावं तशा सगळ्या तिच्या कानात ओरडू लागल्या.

"नवरा नांदवस ना वं?"

"नै," रेखी म्हणाली, "पप्पा तिकडेच ऱ्हातात."

मग तर दोघीतिघींनी पदर डोळ्यांना लावले.

देवळात रुख्माबाई सरसावली. दोन उन्हाळे तिचा नवरा विहीर खणत होता. कातळ फुटला, पाणी लागलं नव्हतं. त्यासाठीच ती चढली होती. पण देवीसमोर तिनं हात जोडले. "माय, मन्ही विहिरनं मागनं ऱ्हाऊ दे. ह्या लेकीले वाचा दे!" आणि प्रमिलाचा हात धरून तिनं घंटा बडवली.

"अहो मावशी, मी मुकी नाहीये हो!" प्रमिलाच्या तोंडून सुटलं.

मग एकच गलका. "देखा व! बोलनी ना ती!"

"अहो, मी कालही बोलत होते!"

"कितला गोड आवाज शे!"

प्रमिला जितकं समजावत गेली, तितका चमत्कार वाढत गेला. पुजारी तोतारामबुवांनी तिच्याच कपाळाला गुलाल फासला. गर्दीत रुख्माबाई रडत हसत होती, स्वतःची लेक बाळंतपणातून सुटल्यासारखी. तो चेहरा पाहून प्रमिलानं समजावणं सोडलं. ती देवीकडे वळली आणि ओठही न हलवता काहीतरी मागून आली.

उतरताना रेखीनं बोट धरलं. "आई, तू काय मागितलंस?"

"मावशीच्या विहिरीला पाणी."

रेखी दोन दगड उतरली. मग थांबली.

"मग पप्पा आपले कधी होणार?"

प्रमिलानं तोंड उघडलं. शब्द काही येईना.