भिवरा म्हैस 'फ्लोट' शिकते

हं, मांडी घालून बसा बरं बाळांनो. खाऊ नंतर. तर एका जंगलात एक डोह होता, आणि त्या डोहात भिवरा नावाची म्हैस दिवसभर पडून असायची. नुसतं नाक वर. उन्हाळ्यात तिला बाहेर काढायची कुणाची टाप नव्हती.

एकदा परदेशातली तळी पाहून आलेले बगळे गुरुजी तिथे उतरले.

"काय गं भिवरे, हे काय चाललंय?"

"काही नाही हो गुरुजी, पडलेय."

"अगं, याला फ्लोट करणं म्हणतात! शब्दाचा अर्थ ठाऊक नाही, उगम ठाऊक नाही, आणि खुशाल तरंगतेस?"

सिंहमहाराजांना हे फार पटलं. त्यांना स्वतःला पाण्याची भीती वाटायची. लगेच हुकूम सुटला: तोंडी परीक्षेत पास होईल तोच डोहात उतरेल. ऐन वैशाखात डोह नाही म्हणजे अंगाची नुसती लाही लाही!

बिचारी भिवरा शिकायला लागली. वर्ग डोहातच भरे, कारण गुरुजींना गारवा लागे. ते उभे राहत भिवराच्याच पाठीवर.

"फ्लोट म्हणजे न बुडता पाण्यावर राहणं. जुन्या इंग्रजीतलं 'फ्लोतियन' हे त्याचं मूळ. आणि आपल्या संस्कृतातला 'प्लु' धातू त्याचा लांबचा भाऊ! म्हण."

"प्लु," भिवरा म्हणाली. तोंडात पाणी गेलं.

परीक्षेच्या दिवशी महाराज काठावर येऊन बसले. गुरुजी पाठीवर चढले आणि गरजले, "उगम सांग!"

झालं! भिवरा सगळं विसरली. घाबरली की डुबकी मारायची, ही तिची जन्माची खोड. अख्खी म्हैस पाण्याखाली गेली आणि गुरुजी पाण्यात.

"मेलो! मेलो! वाचव गं माझे बाई!" गुरुजी ओरडले. उगमाबद्दल चकार शब्द नाही.

भिवरा वर आली ती गुरुजींना पाठीवर घेऊनच. त्यांनी पंख झटकले, घसा खाकरला.

"नापास."

भिवराला रडूच फुटलं. "मग मी आता डोहाबाहेर?"

गुरुजींनी हळूच खोल पाण्याकडे पाहिलं.

"विद्यार्थी म्हणून बाहेर. पण महाराज, मी उभा कुठे राहू? वर्गाला तरी डोहात राहू द्यावं."

महाराजांनी मान डोलावली. तेव्हापासून भिवरा वर्ग आहे. नुसतं नाक वर, आणि अगदी मजेत.

तात्पर्य: तरंगणं शिकवायचं असेल तर पोहायला शिकण्यात वेळ घालवू नये, आधी एक चांगली म्हैस बघावी.