एकतीस गेले, बत्तीस आले

माझ्या देखरेखीखाली आजवर कुणाच्या बोटालाही खरचटलेलं नाही. कारखान्यात मी अकरा वर्षं सुरक्षा अधिकारी आहे. भोंगा वाजला की चारशे माणसं तीन मिनिटांत मैदानात आणून मोजून दाखवतो. तेव्हा आपल्याच तीन पोरांना दिवसभर तळ्यावर सांभाळणं म्हणजे हातचा मळ, असं मी बायकोला ऐकवलं. तीही बरोबर येणारच होती; म्हणाली, "नुसतं त्यांच्याकडे बघत बसलात तरी पुरे."

नुसतं बघत बसणं ही काय पद्धत झाली? मी शिट्टी घेतली, वाळूत रोवायला झेंडा घेतला आणि तिघांना नारिंगी टोप्या घेतल्या. कारखान्यात आम्ही तोंडं बघत नाही, हेल्मेटं मोजतो. इथेही तोच नियम. दर दहा मिनिटांनी शिट्टी, आणि शिट्टी झाली की टोप्या झेंड्याखाली हजर!

तळं दिसलं आणि मी क्षणभर हे सगळं विसरलो. एवढं पाणी, आणि इतकं गप्प! पलीकडचा काठ असून नसल्यासारखा. आमची धाकटी चार वर्षांची; जन्मली तेव्हा टिकलीएवढी होती म्हणून टिकली. ती माझं बोट धरून बराच वेळ बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "बाबा, हे कोणी भरलं?"

पहिल्या तीन शिट्ट्यांना तीन टोप्या आल्या. चौथीला दोनच. थोरला होता, मधली होती, टिकली नव्हती. दोघांना विचारत होतो. तेवढ्यात मला पाण्यावर तिसरी टोपी दिसली. काठापासून चांगली दहा-पंधरा पावलं आत, एकटीच तरंगत होती.

शिट्टी तोंडात धरली, पण फुंकरच निघेना. बायकोने ती ओढून घेतली आणि अशी वाजवली की अख्खा काठ उभा राहिला.

त्यानंतर जे घडलं, ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो. गळ टाकून बसलेल्या आजोबांनी काठी तिथेच टाकली. पत्ते खेळणारे पत्ते सोडून धावले. एक वयस्क बाई, शाळेत शिकवत असाव्यात, चष्मा काढून ठेवून पाण्यात उतरल्या. नावाड्याने सगळ्यांना हात धरायला लावले आणि पाय तळाला घासत चला म्हणून सांगितलं. मी ओरडून माहिती दिली, "चार वर्षांची मुलगी, नारिंगी टोपी!" थोरल्या दोघांना मी झेंड्याखाली डोळे मिटून बसायला सांगितलं. त्यांनी काही भलतं बघायला नको होतं. आणि सवयीने साखळी मोजली. माझ्यासकट एकतीस.

छातीभर पाण्यापासून गुडघाभर पाण्यापर्यंत एकतीस माणसं सरकत होती. कुणी कुणाचं नाव विचारलं नाही. सगळ्यांचे पाय माझ्या लेकीला शोधत होते. चारशे माणसांना मी अकरा वर्षं रांगेत उभं केलं, पण अशी रांग मला कधी जमली नव्हती. मी पाय घासत राहिलो.

दोनदा गेलो, दोनदा आलो. काहीच लागलं नाही. बाहेर पडताना पुन्हा मोजणी, हा नियमच आहे. मोजले. बत्तीस. पुन्हा मोजले. बत्तीसच!

एक कमी भरण्याची भीती मला जन्मभर वाटत आली, पण एक जादा? डोकंच फिरलं. मध्येच कोण घुसलं, शिस्त म्हणून काही आहे की नाही, मोजणी जुळल्याशिवाय कुणी जागचं हलायचं नाही, असं बरंच काही मी त्या देवमाणसांवर ओरडलो.

बायको मोजत नव्हती. ती एकेकाचं तोंड बघत निघाली होती. रांगेच्या उथळ टोकाला शाळेच्या बाईंचा हात घट्ट धरून एक बोडक्या डोक्याची, चिंब भिजलेली, अतिशय गंभीर चेहऱ्याची मुलगी उभी होती. बायको तिच्यासमोर पाण्यातच मटकन बसली.

टिकलीने काठाला लावलेल्या नावेच्या आडोशाला टोपीची होडी करून एका मुंगळ्याला फेरफटका मारायला पाठवलं होतं. मग रांग दिसली, तशी तीही हात धरून शोधायला लागली. बाई बिचाऱ्या ओशाळून म्हणाल्या, "मला वाटलं, कुणाची तरी मुलगी मदतीला आलीय. तुम्ही टोपी सांगितली होती ना!"

मी धावत जाऊन तिला उचललं. तिने माझे डोळे बघितले आणि विचारलं, "बाबा, ती मुलगी सापडली?"

"सापडली," मी कसाबसा म्हणालो.

"तिच्या बाबांना सांगा, नीट लक्ष ठेवा म्हणून."

त्या तीस ओल्या माणसांनी एकदम माना डोलावल्या. मी म्हटलं, सांगतो.