अध्यक्षांचा निबंध

वाशीम जिल्ह्यात मला पहिला हात दिला तो अध्यक्षांनी. हे आधी सांगून टाकतो, काय घडलं ते नंतर. ही पद्धतही त्यांचीच. त्याच जिल्ह्यातल्या मालेगावच्या एका कॉलेजात कला शाखेचं पदव्युत्तर विद्यार्थी मंडळ आहे, त्याचे ते अध्यक्ष, आणि त्या मंडळाच्या कार्यक्रमात आभारप्रदर्शन सगळ्यांत आधी होतं. दिवा लावायच्याही आधी.

"मागून आभार मानाले उभं राह्यलं का खुर्च्याच उरतात," ते म्हणतात. "खुर्च्याइचे आभार कायले मानू?"

त्यामुळे पाहुण्यांनी तोंड उघडायच्या आत त्यांच्या अभ्यासपूर्ण भाषणाबद्दल मंडळ त्यांचं ऋणी होऊन बसलेलं असतं. एकदा अकोल्याहून आलेले एक प्राध्यापक आभार ऐकून उठले, बॅग उचलली आणि दारापर्यंत पोचले. त्यांना वाटलं, संपलं. अध्यक्षांनी त्यांना दंडाला धरून परत आणलं आणि माइकवरून जाहीर केलं, की सर जरा पाय मोकळे करायला गेले होते.

मी माइकवाला. माझं गाव चिपळूणच्या खाली, खाडीकाठी. नववीत शाळा सुटली आणि फिरत फिरत वाशीमच्या एका मंडपवाल्याकडे लागलो. आलो तेव्हा इथली बोली कानाला इतकी नवी होती, की कोणी 'काहून आला', म्हणजे का आलास, असं साधं विचारलं तरी तो चिडलाय असं वाटायचं. कायम धास्ती. मालक काढून टाकेल का, मशीन जळेल का, कोणी मला काही विचारेल का.

आणि पहिल्याच कार्यक्रमात मशीन जळलं. इतिहासावरचं चर्चासत्र होतं. आभार झाले, दिवा लागला, पाहुणे उभे राहिले आणि ॲम्प्लिफायरमधून धूर निघाला. पाहुण्यांचा चेहरा उतरला. मी मनातल्या मनात पिशवी भरायला घेतली. अध्यक्ष शांतपणे स्टेजच्या टोकाला आले. म्हणाले, जुन्या काळी लोक बिनमाइकचं बोलत आणि शेवटच्या माणसाला ऐकू जात असे. आज मंडळ ते पुन्हा करून पाहणार आहे, तरी सगळ्यांनी पुढे सरकावं. त्या कॉलेजात पुढच्या रांगेत कोणी बसत नाही. त्या दिवशी बसले. पाहुणे खूश झाले आणि त्याच खुशीत त्यांनी दीड तास घेतला.

नंतर अध्यक्षांनी माझ्यासमोरच मालकाला फोन लावला. मशीन जुनं होतं, असं त्यालाच सुनावलं. शेवटी म्हणाले, "गडी कामाचा हाय. पुढच्या खेपेले यालेच धाडजा." माझी नोकरी त्या एका वाक्यावर टिकली. तेव्हापासून मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाला माइक माझाच.

अध्यक्षांचं वय पंचेचाळीसच्या आसपास असावं. विद्यार्थी असल्याशिवाय विद्यार्थी मंडळात राहता येत नाही, म्हणून ते सतत एम. ए. करतात. मराठी झालं, इतिहास झाला, समाजशास्त्र झालं, सध्या राज्यशास्त्र चालू आहे. अर्थशास्त्र मुद्दाम मागे ठेवलंय, कारण त्यात आकडे येतात. मेडशीला त्यांची शेती आहे, सोयाबीन आणि तूर. कार्यक्रमांच्या तारखा शेतीवर ठरतात. पेरणीत चर्चासत्र नाही, सोंगणीत, म्हणजे कापणीत, तर नाहीच. पोहरादेवीच्या यात्रेतही नाही, कारण तेव्हा बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते आणि पाहुणा लोंबकळत आला की चिडका बोलतो, असा त्यांचा अनुभव आहे.

माइक तपासताना माणसं 'हॅलो हॅलो' करतात. अध्यक्ष रिकाम्या हॉलमध्ये माझी ओळख करून देतात. "आज आपल्यात कोकनातून खास पधारलेले ध्वनितज्ज्ञ" इथून सुरू होतं, ते माझ्या आवडीनिवडीपर्यंत जातं. मी लाजून तारा ओढत बसतो. कार्यक्रम संपला की मला बाजूला घेऊन विचारतात, काय समजलं. मी खरं सांगतो, काही नाही. मग ते मान हलवून म्हणतात, "मले बी नाई. पन बोलला जोरात."

एका दिवाळीत मंडपाच्या कामांच्या हंगामामुळे मला गावी जाता आलं नाही, तेव्हा ते मला मेडशीला घेऊन गेले. कुलूप त्यांनीच काढलं, दिवे त्यांनीच लावले. वरण-भाकर आणि ठेचा केला. चार खोल्यांच्या घरात आम्ही दोघंच.

इतक्या वर्षांत अध्यक्षांनी किती जणांचे निबंध ऐकवले असतील, पण स्वतःचा एकदाही वाचला नव्हता. तो तयार होता. 'वऱ्हाडातल्या हाका' हा विषय. शेताच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला माणसाला, बैलाला, भाकर आणणारीला कशी हाक मारतात, हे त्यांनी गावोगाव फिरून गोळा केलं होतं. तो भरल्या हॉलमध्ये वाचायचा, एवढी एकच इच्छा त्यांनी माझ्याजवळ बोलून दाखवली होती. अडचण अशी, की यजमान म्हणून ते स्वतःला नेहमी शेवटी ठेवत, आणि साडेचारला खेड्यांकडची बस असते. सव्वाचारला हॉलमध्ये चुळबुळ सुरू होते. दहा मिनिटांनी फक्त खुर्च्या. त्यांची स्वतःचीही तीच बस, पण ते थांबत आणि मग कोणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून घरी जात.

यंदा मराठीच्या मॅडमनी त्यांना दम दिला. तुमचा निबंध जेवणानंतर पहिला, नाहीतर मी येणार नाही, म्हणाल्या. अध्यक्षांनी नवीन सदरा शिवला. जेवणं झाली, माणसं परत येऊन बसली, अध्यक्ष माइकसमोर उभे राहिले, आणि सकाळी यायचे होते ते पाहुणे आत्ता दारात हजर झाले. त्यांची गाडी रस्त्यात बंद पडली होती. अध्यक्षांनी हातातले कागद दुमडले, खिशात घातले आणि पाहुण्यांची ओळख सुरू केली. मॅडमनी कपाळावर हात मारला.

पाहुणे सव्वाचारपर्यंत बोलले. मग नेहमीचं झालं. पोरं 'येतो अध्यक्ष' म्हणत निघाली. मॅडमना पाहुण्यांना सोडायला जावं लागलं. हॉलमध्ये अध्यक्ष, मी आणि खुर्च्या.

ते खुर्च्या एकावर एक रचू लागले. मी म्हणालो, "अध्यक्ष, मशीन चालू आहे. वाचा."

"कोनाले?"

"मला."

ते हसले. मग सदरा नीट करून खरोखर माइकसमोर उभे राहिले. सकाळी लोकांना बोलवायला फाटकावर रस्त्याकडे तोंड करून लावलेला भोंगा काढायचा राहिला होता. मालकाची ताकीद आहे, की हॉलमधलं बाहेर ऐकू जाता कामा नये, तक्रारी येतात. माझा हात त्याच्या बटनापर्यंत गेला. मी बंद केलं नाही.

त्यांनी वाचायला सुरुवात केली. वाक्यं पुस्तकी होती, हाका खऱ्या. प्रत्येक हाक ते मारूनच दाखवत होते. बैलाची झाली, भाकर आणणारीची झाली. मग म्हणाले, आता आई शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून, मुलाला हाक मारते ती, उदाहरण घरचंच आहे. आणि डोळे मिटून, बाईमाणसासारखा आवाज काढून त्यांनी हाक दिली.

"किसनाऽऽ, ओ किसनाऽऽ, चाल ना रे घरीऽऽ"

रस्त्यापलीकडून उत्तर आलं. "ओऽऽ"

आधी एकाचं, मग चार-पाच जणांचं, मग बायकांचंही. बस लेट होती. सगळा श्रोतृवर्ग थांब्यावर उभा होता आणि हाकेला ओ द्यायची सवय काही जात नाही. थोडं हसणंही ऐकू आलं. मग कोणीतरी ओरडून सांगितलं, पुढचं वाचा, बस आली नाई अजून.

अध्यक्षांनी कागद खाली ठेवले. चष्मा काढून पुसत राहिले. मला म्हणाले, "माय गेली तवापासून या नावानं कोनी हाक नाई देल्ली बावा. सारे अध्यक्षच म्हनतात." मग कागद उचलून त्यांनी उरलेला निबंध बस येईपर्यंत वाचला. शेवटची दोन पानं राहिली, पण ती कंटाळवाणी आहेत असं तेच म्हणाले.

तारा गुंडाळताना त्यांनी मला विचारलं, "तुही माय कशी हाक मारते तुले?"

आई आता फोन करते आणि फोनवर हाक लागत नाही, ती सरळ 'जेवलास काय' म्हणते. लहानपणी काठावर उभी राहून मला होडीतून परत बोलवायची, त्यातला शेवटचा सूर वर जायचा की खाली यायचा, एवढंही आठवेना. मी तसं सांगितलं. ते "बरं" म्हणाले आणि तारेचं दुसरं टोक धरलं.

मालक सुट्टी देईल तेव्हा मी गावी जाणार आहे. आईला काठावर उभं करीन, होडी मध्यावर नेईन आणि तिला म्हणेन, मार हाक. आवाजासकट ती शिकून घेईन. अध्यक्षांच्या निबंधात कोकणातली एकही हाक नाही. ती मी त्यांना आणून देईन.