बोडके काका पूल बघायला निघतात

बोडके काकांनी आजवर एकही शर्यत पुरी केलेली नाही. दम लागतो म्हणून नव्हे. साठी उलटली तरी माणूस घोड्यासारखा पळतो. अडचण अशी की नाशिकच्या प्रत्येक रस्त्यावर त्यांचं कुणी ना कुणी राहतं, आणि ओळखीच्या दारावरून आत न डोकावता पुढे जाणं म्हणजे काकांच्या मते निव्वळ उद्धटपणा. मागच्या हिवाळ्यात मॅरेथॉन चालू असताना ते चुलत साडूच्या घरी शिरले, ते मटकीची उसळ खाऊनच बाहेर आले. तोवर पाण्याची टेबलंसुद्धा उचलून झाली होती. "पळणं काय, रोजचंच आहे," काका म्हणाले. "माणूस घरी सापडतोय कुठे?"

आम्ही सातपूर कॉलनीतले शेजारी. मी शाळेत गणित शिकवते, पळतेही हिशेबाने, आणि वाटेत थांबणाऱ्या माणसाचा मला मनस्वी संताप येतो. काका इस्त्रीची पँट, पट्टा आणि वर बनियन अशा थाटात पळतात. पँट कशाला, तर "कुणाच्या घरी अर्ध्या चड्डीत जायचं का?" आता यावर काय बोलणार, कप्पाळ!

तर त्र्यंबक रोडला, महिरावणीच्या पुढे आत डोंगरात, नवा काचेचा पूल झालाय. पायाखाली दरी दिसते आणि लोक हौसेने पैसे भरून किंचाळतात. काका मला म्हणाले, "सोमवारी तुझ्या शाळेला सुट्टी आहे ना? पळत जाऊ. उगाच आपलं, पूल बघून येऊ."

पूल हे निमित्त आहे, हे कॉलनीतल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. त्या पुलाच्या फाटकाशी काकांच्या धाकट्या भावाची, अशोकची, मिसळीची टपरी आहे, आणि दोघं भाऊ दोन वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. कारण ऐकाल तर हसाल. अशोकने मुलीच्या लग्नाची पत्रिका थोरल्या भावाला व्हॉट्सॲपवर पाठवली. दारात येणं नाही, हातावर अक्षता नाहीत, नुसती टिंग. काका लग्नाला गेलेच नाहीत. गावभर न बोलावता जेवणारा हा माणूस सख्ख्या भावाकडे मात्र आमंत्रणावाचून अडून बसला.

निघताना काकूंनी मला जिन्यात गाठलं. "त्यांना तेवढं तिथवर ने गं बाई. सणवार आला की नुसते कुशी बदलत पडतात."

पहाटे निघालो. पिंपळगाव बहुल्याला काकांची मावसबहीण निघाली. चहा झाला. बेळगाव ढग्याला कारखान्यातला जुना सोबती. तिथे पोहे. "उगाच आपलं दोन मिनिटं," असं म्हणून काका आत जायचे आणि मी अंगणात कोंबड्यांमध्ये जागच्या जागी पळत राहायचे. महिरावणीत ओळखीचं कुणीच नव्हतं, तेव्हा मी देवाचे आभार मानले. तर काका एका अनोळखी घरात पाणी मागायला गेले, घरवाल्याला आडनाव विचारलं, आणि मला हाक मारली, "अगं ये, हे आपल्या आत्याच्या नणंदेकडचे निघाले." तिथे भाकरी आणि ठेचा.

मी वैतागले. "काका, पुलावर जायचंय की पंगतीला?"

काका हातातली भाकरी नुसती धरून बसले. "अशोक्यानं तोंड फिरवलं तर गं? लोकांसमोर? मग परत कुठल्या तोंडानं जायचं त्याच्याकडे?"

हे ऐकून मला त्यांच्यावर चिडवेना. घाबरला होता बिचारा. मी म्हटलं, उठा, आता कुठेही थांबायचं नाही. आणि खरंच, पुढचा चढ काका एका दमात पळाले. मी मागे राहिले.

वर पोचले तर फाटकाला कुलूप. पहारेकरी खुर्ची उन्हात ओढत म्हणाला, "सोमवारी बंद असतं, मॅडम."

माझं डोकं फिरलं. "बोडके काका, फोन करून विचारायचं नाही का आधी?"

"बोडके? सातपूरचे?" पहारेकरी म्हणाला. "अहो, केला होता की फोन. सोमवारी नक्की बंद ना, नक्की ना, करून माझा जीव खाल्ला यांनी."

काका पट्टा सारखा करत होते. माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. बंदच्या दिवशी तिथे चिटपाखरू नसतं. भावाने तोंड फिरवलं तरी बघायला कुणी नाही.

टपरी मात्र उघडी होती. मोकळ्या बाकांपलीकडे अशोक एकटाच कांदा चिरत होता. काका रस्त्यावरच उभे राहिले. न बोलावता पाऊल टाकवेना त्यांना.

अशोकने मान वर केली. "पूल बंद हाय आज," तो म्हणाला.

"माहितीये," काका म्हणाले.

अशोकने खांद्यावरच्या पंच्याने एक बाक पुसलं. मग तेच पुन्हा पुसलं. "बस की मग, दादा."

काका बसले. मिसळ आली. तीन घरचं पोटात असताना त्यांनी ती पाव मागून मागून खाल्ली. काहीतरी बोलायचं म्हणून मी अशोकला विचारलं, "पूल बंद, गिऱ्हाईक नाही. मग सोमवारी टपरी कशाला उघडता?"

तो पातेल्यात पळी फिरवत राहिला. माझ्याकडे बघितलंही नाही.

"दर सोमवारी उघडतो," तो म्हणाला. "गर्दीत दादा यायचा नाय. आला तर बंदच्याच दिवशी यील."