शनिवारचं तोलणं

मनकर्णाबाईंनी साहेबांच्या टेबलावर हात ठेवून सांगितलं होतं, "तीन महिने द्या. माझ्या पाळणाघरातलं एकेक लेकरू वजनाला वाढलेलं दाखवते. नाही दाखवलं तर पाल गुंडाळून इथं तुमच्या दारात आणून टाकते."

दहिफळेसाहेबांच्या नगरच्या दुष्काळ-मदतीच्या ऑफिसात रोज कोणी ना कोणी भाषण करून जात असे. त्यांनी मान वर केली नाही.

"पाल तुम्ही कशाला गुंडाळता? वजनं वाढलेली दिसली नाहीत तर ते आम्हीच गुंडाळू. दुधाची पावडर मोजकी आहे, बाई. जिथं तिचा उपयोग दिसेल तिथंच ती जाणार. भाषण नको, पुरावा दाखवा."

"पुरावाच दाखवणार," मनकर्णाबाई म्हणाल्या आणि पाथर्डीच्या एसटीत जाऊन बसल्या. एसटी सुटेपर्यंत त्यांना आपल्या बोलण्याचा फार अभिमान वाटत होता.

बहात्तर सालची दिवाळी होऊन गेली होती. ती आली कधी आणि गेली कधी, हे पाथर्डीकडच्या गावांत कोणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. विहिरींचे तळ दिसत होते. गावाबाहेर पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं होतं. पुरुष खोदत, बाया घमेल्यांतून माती वाहत, आणि मातीच्या ढिगाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर ताडपत्रीचं एक पाल उभं होतं. त्या पालात बायांची तान्ही आणि रांगती लेकरं ठेवलेली असत. पाल नव्हतं तेव्हा ती बाभळीला बांधलेल्या झोळ्यांत, नाहीतर उघड्यावर मातीत पडून असत. आता त्यांना सावली होती, उकळलेलं पाणी होतं, पावडरीचं दूध होतं, पिठाची गोड सुकडी होती, आणि मनकर्णाबाई होत्या.

मनकर्णाबाई पुण्याला तीन आठवड्यांचं प्रशिक्षण घेऊन आल्या होत्या. लेकराला किती वेळा भरवायचं, हगवण लागली तर काय पाजायचं, हात कधी धुवायचे, हे त्या रोज दुपारच्या सुट्टीत बायांना सांगत. सांगितलेलं खरं की खोटं, हे तपासून बघायचं असतं, असंही त्या सांगत. त्यासाठी दर शनिवारी प्रत्येक लेकराचं वजन होणार होतं. ज्याचं उतरेल त्याला पुढचा आठवडा दुप्पट दूध.

"आणि लेकराशी बोला," त्या म्हणत. "ज्याच्याशी आई बोलते ते लेकरू हुशार निघतं. आईचा आवाज आला की बरोबर तिकडं मान वळवतं. हे तपासून सिद्ध झालेलं आहे."

"त्याला बोलता येत न्हाई, मंग काय बोलायचं त्येच्याशी?" मालन म्हणाली. तिची कडू वर्षाची होती. आधीची दोन गेली म्हणून हिचं नाव कडू ठेवलेलं. तरी पोरगी या दुष्काळातही गालांनी भरलेली होती.

"काहीही बोला. उत्तर देत नसलं तरी त्याला कळतं."

"आमी सा म्हैने आभाळाशी बोलतोय," रतनबाई म्हणाल्या. "त्येला बी कळतच आसंल."

बाया हसल्या. रतनबाई वयाने सगळ्यांत मोठ्या. त्यांची नात पालात होती आणि बायांमध्ये त्यांचा शब्द खाली पडत नसे. वजनाची गोष्ट निघाली तेव्हा मात्र त्या हसल्या नाहीत.

"लेकरू तोलत नसत्यात, बाई. नवसाचं आसलं तर देवाम्होरं गुळानं तोलत्यात, त्यो देव सांभाळून घेतो. असं उघड्यावर, चार मान्सांत तोलून आकडा सांगितला, की नजर लागती."

"नजर लागल्याचा काही पुरावा आहे का?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"हाय की. ही समदी गावं."

मनकर्णाबाई हटणाऱ्या नव्हत्या. शेजारच्या धान्याच्या तंबूत पोती तोलायचा मोठा तराजू बांबूच्या तिकाटण्याला टांगलेला होता. त्यावर लालमहंमद मापाडी होते. दुष्काळाआधी ते बाजारात कांदा तोलत. आता कांदाच नव्हता, म्हणून सरकारी मिलो, परदेशातून आलेली तांबडी ज्वारी, तोलत. बाजारातली सवय मात्र गेली नव्हती. जे तोलतील त्याचं वजन ते लिलावाच्या आवाजात पुकारत.

"मला तोला," मनकर्णाबाई त्यांना म्हणाल्या आणि बायांकडे वळल्या. "बघा सगळ्याजणी. मी चार माणसांत तोलून घेते. काही होतं का मला, बघाच."

त्या पदर खोचून तराजूच्या फळीवर बसल्या. बांबू करकरले. लालमहंमदांनी दुसरीकडे वजनं चढवली, दोन काढली, तीन घातली, आणि तलावाच्या पलीकडचे पुरुषसुद्धा फावडी थांबवून बघतील अशा आवाजात पुकारलं, "सदुसष्ट किलो!"

बायांनी तोंडाला पदर लावले. "आन दुस्काळात," कोणीतरी मागून म्हणालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनकर्णाबाई मातीच्या ढिगाऱ्यावरून पाय घसरून पडल्या. घोटा भोपळ्यासारखा सुजला. त्या आठवडाभर घरी पडून होत्या, आणि ताप आला तो वेगळाच.

परतल्या तेव्हा लंगडत होत्या आणि मनातून घाबरलेल्या होत्या. पण शनिवारी नवल घडलं. बाया आपणहून रांगेत उभ्या राहिल्या. प्रत्येकीच्या कडेवर लेकरू. कोणी हूं की चूं केलं नाही. रतनबाईसुद्धा रांगेत होत्या.

मनकर्णाबाईंना भरून आलं. पटवून सांगितलं की माणसं ऐकतात, या प्रशिक्षणातल्या वाक्यावर त्यांचा त्या दिवशी पक्का विश्वास बसला. फक्त लंगडत का होईना आपण चालतो आहोत, याकडे बाया इतक्या टक लावून का बघतात, ते त्यांना कळलं नाही.

पाल नवीन, मनकर्णाबाई आठवडाभर गैरहजर, आणि त्या वयाची पोरं सगळी सारखीच मातीने माखलेली. जी जिला घेऊन आली ती तिची आई, असं त्यांनी धरलं. दिवसभर लेकरं रतनबाईंच्या सुनेच्या आणि आणखी एका म्हातारीच्या ताब्यात असत. मनकर्णाबाई चुलीपाशी, दुधापाशी.

दुसऱ्याच तोलण्यापासून वजनं विचित्र वागू लागली. एका लेकराचं आठवड्यात दीड किलो वाढलं. दुसऱ्याचं तेवढंच उतरलं. पुढच्या आठवड्यात उलट. मनकर्णाबाईंनी लालमहंमदांवर संशय घेतला.

"तराजू बघा तुमचा."

"तीस वरसं तोलतोय, बाई. कांद्यानं कधी तक्रार केली न्हाई."

मग दोष आयांचा ठरला. मालनच्या लेकराचं वजन एका शनिवारी एकदम खूप उतरलं. मनकर्णाबाईंनी तिला सगळ्यांसमोर झापलं. पाणी उकळत नाहीस, हात धुवत नाहीस, स्वतःच खातेस की काय? मालन मान खाली घालून उभी राहिली. पुढच्या आठवड्याचं दुप्पट दूध तिच्या नावावर लागलं. बनुबाईचं मात्र कौतुक झालं. बनुबाई अबोल, पंचविशीची, नवरा ऊसतोडणीला गेलेला. तिच्या दगडूचं वजन झकास होतं.

एक गोष्ट मनकर्णाबाईंना खटकत असे. दूध वाटताना पालाच्या कोपऱ्यात एक पोरगं दिसे. हातापायांच्या काड्या, पोट पुढे, रडायचासुद्धा कंटाळा केलेलं. कोणाचं म्हणून विचारलं तर म्हातारी म्हणाली, "बनूचा दगडू." मनकर्णाबाईंनी आठवून बघितलं. दगडूचं वजन तर चांगलं होतं. डोळ्यांना काय, डोळे फसवतात, हेही प्रशिक्षणात सांगितलेलं होतं. त्या पुढच्या वाटीकडे वळल्या.

तीन महिने भरले आणि दहिफळेसाहेब जीपमधून उतरले. फेब्रुवारीतच वैशाखासारखं तापलं होतं. साहेबांनी रुमाल डोक्याला बांधला आणि वजनांचे कागद उलटसुलट करून पाहिले.

"बाई, ही लेकरं आहेत की भरती-ओहोटी?"

"साहेब, वजनांत थोडा घोळ आहे," मनकर्णाबाई घाईने म्हणाल्या. पाल जातंय, हे त्यांना समोर दिसत होतं. "पण नुसतं वजन म्हणजे वाढ नाही. समज बघा. आमच्या आया लेकरांशी बोलतात. इथलं प्रत्येक लेकरू आईचा आवाज ओळखतं. आत्ता तपासून दाखवते."

साहेबांना तपासणं आवडत असे. त्यांनी मान डोलावली.

मनकर्णाबाईंनी शनिवारसारखी रांग लावली. मग सगळी लेकरं मधोमध गोधडीवर ठेवायला लावली आणि बायांना गोल उभं केलं. एकेकीने हाक मारायची, तिचं लेकरू तिकडे वळणार. बाया एकमेकींकडे बघू लागल्या. रतनबाई म्हणाल्या, "आज ऱ्हाऊ द्या की, बाई. ऊन लई हाय."

"मालन, तू मार हाक. हा तुझा ना?" मनकर्णाबाईंनी काड्यांच्या हातापायांचं ते पोरगं दाखवलं. म्हातारी काही म्हणाली असो, मालननेच त्याला आता कडेवर आणलं होतं.

मालन म्हणाली, "ये बाळा."

पोरगं हललं नाही. गोधडीच्या दुसऱ्या टोकाकडून मात्र गालांनी भरलेली एक पोरगी रांगत सुटली, मधल्या दोघांच्या अंगावरून गेली आणि मालनचं लुगडं धरून उभी राहिली.

"ही कोणाची?" साहेबांनी विचारलं.

"बनुबाईची... " मनकर्णाबाई म्हणाल्या आणि थांबल्या. बनुबाईचा मुलगा होता.

"दुसरी घ्या."

दुसरीने हाक मारली, तिसरीने आणलेलं पोर वळलं. तिसरीने मारली तर पाचवीने आणलेलं. चौथ्या हाकेला दोघं एकदम रडायला लागली आणि त्यांच्यामागे सगळा ताफा. मग कोणाचंच भान राहिलं नाही. बाया धावल्या, जिने-तिने आपापलं उचललं, आणि बघता बघता गोधडी रिकामी झाली.

साहेबांनी रुमाल सोडून घाम पुसला. "पुरावा चांगला आहे, बाई. तुमच्याकडचं प्रत्येक लेकरू आईला ओळखतं. तुम्ही एकीलाही ओळखत नाही."

रतनबाई पुढे आल्या. त्यांच्या आवाजात लाज नव्हती. "तुमी तोलून घेतलं आन दुसऱ्या दिशी पडला. समद्यांनी बघितलं. मंग आमी ठरावलं, आपलं लेकरू आपण घिऊन जायाचं न्हाई. दुसरीचं न्ह्यायचं. नजर आईच्या मागं येती आन चुकती. दर खेपंला बदलायचं, म्हंजे तिला कळत न्हाई."

"अन् दुप्पट दूध?" मनकर्णाबाईंनी विचारलं. आवाज त्यांचा त्यांनाच लांबून आल्यासारखा वाटला. "मालनच्या नावावर दिलेलं?"

मालन कडूला घट्ट धरून उभी होती. "मला वाटलं, माज्याच पोरीला दिलं, म्हून तिलाच पाजलं. मला बोलला व्हता ना तुमी समद्यांम्होरं."

गोधडीजवळ बनुबाई दगडूला मांडीवर घेऊन बसली होती. तो रडत नव्हता. एवढ्या गोंधळातही त्याच्याने मान वळवली गेली नव्हती.

"याला आत्ता तोला," साहेब म्हणाले.

बनुबाईने पहिल्यांदाच तोंड उघडलं. "एकल्याला नगा तोलू." ती मनकर्णाबाईंकडे बघत होती. "तुमी घिऊन बसा. नजर लागली तर तुमाला लागू द्या. तुमच्या अंगावर हाय तेवढं."

मनकर्णाबाई दगडूला घेऊन फळीवर बसल्या. मग त्यांनी त्याला बनुबाईकडे दिलं आणि एकट्या बसल्या. लालमहंमदांनी वजनातून वजन वजा केलं. या वेळी त्यांनी पुकारलं नाही. ते वाकले आणि साहेबांच्या कानात सांगितलं. साहेबांनी लगेच ड्रायव्हरला हाक मारली.

तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत दगडू मनकर्णाबाईंच्या मांडीवर होता, बनुबाई त्याचे पाय धरून बसली होती. वाटेत खड्ड्यात जीप आदळली तेव्हा बनुबाई हळूच म्हणाली, "आता बोलते त्येच्याशी." आणि दवाखाना येईपर्यंत ती बोलत राहिली.

साहेबांनी पाल बंद केलं नाही. "चांगलं झाल्याचा पुरावा नाही, वाईट झाल्याचाही नाही," ते म्हणाले. "बंद तरी कशाच्या जोरावर करू? पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. या वेळी लेकरू आणि आई, दोन्ही ओळखून."

बाया तयार झाल्या, एका अटीवर. बनुबाईची अट सगळ्यांनी उचलली. लेकरू तोलायचं तर बाईंच्या मांडीवर. त्यामुळे दर शनिवारी मनकर्णाबाई तराजूवर बसू लागल्या. आधी एकट्या, मग एकेका लेकरासकट. लालमहंमदांची पुकारायची सवय परत आली होती. बाईंचं वजन दर आठवड्याला पंचक्रोशीला कळू लागलं.

चार आठवड्यांनी दगडू परत आला. मान धरत होता. त्याचं वजन झालं की बनुबाई नजर लागू नये म्हणून रिवाजाप्रमाणे तोंड वाकडं करून म्हणे, "लई वाळलाय," आणि ते आता खोटं आहे हे सगळ्यांना माहीत असे.

उन्हाळा संपत आला तेव्हा साहेब पुन्हा आले. आभाळ तसंच होतं. त्यांनी कागद बराच वेळ पाहिले.

"लेकरं वाढलीत. थोडी थोडी, पण बहुतेक सगळी. दूध चालू ठेवतो. पण बाई, यात फरक इतका बारीक आहे की कशानेही झाला म्हणता येईल. सगळ्या कागदांत एकच रेघ अशी आहे की तिच्याविषयी शंका घेता येत नाही. दर शनिवारी खालीच गेलीय. हे कोणाचं वजन?"

"माझं," मनकर्णाबाई म्हणाल्या. त्या दोन्ही वेळा बायांबरोबर मिलोची तांबडी भाकरी खात होत्या आणि दुधाचा थेंबही चाखत नव्हत्या. सदुसष्टांच्या छप्पन्न झाल्या होत्या.

मागून रतनबाईंचा आवाज आला. "तवाच म्हनलं हुतं."

मिलो, ऊन, चालणं, सगळी कारणं मनकर्णाबाईंकडे होती. पण पुरावा रतनबाईंकडे होता, तोही साहेबांच्या सहीचा.

जीप गेल्यावर रतनबाईंनी पालाच्या दारात त्यांना पूर्वेकडे तोंड करून बसवलं आणि मीठ-मोहऱ्या उतरवून चुलीत टाकल्या. मनकर्णाबाई उठताना म्हणाल्या, "आता शनिवारी तोलून बघू. काही फरक पडतो का."