चार एकट्या भिडू

भाच्याचा फोन आला तेव्हाच सिस्टरांनी सावध व्हायला हवं होतं. तो कॉलेजात शिकवायचा आणि कामाशिवाय कुणाला फोन करायचा नाही. या वेळी त्याच्या विद्यार्थ्यांना समाजसेवेचा प्रकल्प हवा होता. झाडं लावून झाली होती, भिंती रंगवून झाल्या होत्या, आणि बाग इतक्यांदा झाडून झाली होती की मुलं येणार म्हटल्यावर माळी स्वतःच तिथं थोडा कचरा टाकून ठेवायचा. म्हणून भाच्यानं नवी टूम काढली होती. रविवारी दुपारी प्रत्येकानं एका एकट्या वृद्ध माणसाला सोबत करायची.

"मावशी, एक म्हातारी कमी पडतेय," तो म्हणाला. "तू एकटीच असतेस ना?"

दोन वर्षांत तो मावशीकडे फिरकला नव्हता, त्यामुळे तिच्या एकटेपणाबद्दल त्याची खात्रीच होती. खरी गोष्ट अशी की इस्पितळातून निवृत्त झाल्यापासून दर रविवारी दुपारी सिस्टरांच्या जेवणाच्या टेबलावर पत्त्यांचा डाव रंगायचा. टपाल कचेरीत आयुष्य काढलेल्या पोस्टबाई, शिवणाचं दुकान मुलीवर सोपवलेल्या टेलरबाई आणि ग्रंथपालबाई अशा तिघी यायच्या. बाकीचे सहा दिवस सिस्टर नुसत्या ढकलत असत. पण भाच्याला नाही म्हणणं त्यांना तो पाळण्यात असल्यापासून जमलं नव्हतं. एका रविवारचा तर प्रश्न, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

आलेली मुलगी सरळ होती, हेच वाईट झालं. तिनं विचारलं, "आजी, वेळ कसा जातो तुमचा?" सिस्टरांनी घड्याळाकडे बघत सांगितलं, "जात नाही गं." त्या क्षणी ते अगदी खरं होतं. मुलीचे डोळे भरून आले आणि आता परीक्षेपर्यंत दर रविवारी येईन, असं तिनं कबूल करून टाकलं. तिचे गुण या प्रकल्पावर होते. सोबतीचा माणूस खरोखर एकटा नसेल तर प्रकल्प बाद, हा नियमही भाच्यानंच केला होता.

मैत्रिणी आधी खूप हसल्या. हाकलून दे तिला, असा पोस्टबाईंचा सल्ला होता. पण या भागातल्या बायका किती एकाकी आहेत, हे मुलीनं कॉलेजात इतकं कळवळून सांगितलं की तिच्या मैत्रिणीही इकडेच वळल्या. पहिली पोस्टबाईंच्याच दारात उभी राहिली. हाकलणं राहिलं बाजूला, पोस्टबाईंनी तिला बसायला उशी दिली. पाठोपाठ टेलरबाई अडकल्या आणि ग्रंथपालबाईही अडकल्या. महिना संपेपर्यंत चौघी जणी रविवारी दुपारी चार घरांत बसून सोबत करून घेऊ लागल्या.

सिस्टरांचं जेवणावरून लक्ष उडालं. पत्त्यांचा जोड कपाटात पडून होता आणि त्याच्याकडे बघवत नव्हतं. शेवटी ते मुलीच्याही नजरेत आलं.

"आजी, राग नका मानू," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी तुम्ही मला तेवढ्या एकट्या वाटला नव्हता. आता वाटता."

सिस्टरांनी मग लाज गुंडाळून ठेवली. आपल्यासारख्या आणखी काही जणी असतीलच, त्यांना एकत्र बसवलं तर कसं, असं त्यांनी भीत भीत सुचवलं. पत्ते म्हणे सोपे असतात. मुलगी हरखली. भाचा तर म्हणाला की इतकी मूलगामी कल्पना त्याच्या विभागात आजवर कुणालाच सुचली नव्हती.

कॉलेजच्या एका खोलीत टेबल मांडलं गेलं. भाच्यानं चौघींची एकमेकींशी ओळख करून दिली. सिस्टरांच्या घराची जादा किल्ली ज्यांच्या पर्समध्ये होती त्या पोस्टबाईंनी, आपण कुठं राहता, असं अदबीनं विचारलं. ग्रंथपालबाईंना सिस्टरांचं नाव ऐकल्यासारखं वाटत होतं. मुलींनी हुकूम म्हणजे काय ते समजावलं, पानं हातात कशी धरायची ते दाखवलं, आणि टेलरबाई भिडस्त असल्यामुळे ते तीनदा शिकल्या.

वाईट खेळायचं, असं आधीच ठरलं होतं. दोन डाव ते पाळलंही गेलं. पण उपाशी माणसापुढे ताट ठेवून घासभरच खा म्हणून कसं चालेल? तिसऱ्या डावात सिस्टरांच्या भिडू टेलरबाईंनी बदामाचा राजा खाली टाकला.

"अगं बाई, एक्का बाहेर असताना राजा टाकतात का?" सिस्टर कडाडल्या. "वीस वर्षं घसा फोडून सांगतेय तुला."

भाच्यानं मान वर केली. सिस्टरांना सगळं कळून चुकलं. पोरीचे गुण गेले, भाच्याची अब्रू गेली, आणि आता रविवारही जाणार. मुलगी सिस्टरांकडे बघत राहिली, मग तिनं उरलेल्या तिघींकडे पाहिलं. तिघी आपापल्या पानांत तोंड खुपसून बसल्या होत्या.

"बघा सर," मुलगी शांतपणे म्हणाली, "किती लवकर जवळीक झाली यांच्यात."

सर गहिवरले. त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, मग सगळ्यांनीच वाजवल्या, आणि तेवढ्या गडबडीत टेलरबाईंनी राजा मुकाट्यानं परत हातात घेतला.