सरळ रेघेची नोकरी

बेंगळूरच्या हवेला वळण लावणारा पहिला माणूस मीच, पद्माकर! सन १९६२. इथल्या एका सरकारी दप्तरखान्यात मी तात्पुरता नोकर होतो. जुन्या कागदांच्या खोलीत एक विलायती यंत्र होतं, त्यात माणसाचा केस ताणून बसवलेला. हवा दमट झाली की केस लांबायचा, कोरडी झाली की आखडायचा, आणि पेन तशी वरखाली रेघ ओढायचं. रेघ स्थिर राहिली तर मी कायम होणार होतो!

तपासणी आठ दिवसांवर आली आणि आमच्या शिपायाने, यल्लाप्पाने, यंत्र पुसता पुसता केसच तोडला.

"स्वल्प जोरात पुसलं बगा, सायेब!"

यल्लाप्पाला टक्कल, माझीही वाटचाल त्याच दिशेने. मी घरी धावलो.

"सुलभा, तुझे दोन केस दे. ऑफिसात हवेत."

"अहो, कुणाला?"

"सरकारला!"

बायकोने मला नीट न्याहाळलं आणि फणीतल्या गुंतवळातून दोन लांब केस काढून दिले. नुकतंच तिने वाटीभर खोबरेल डोक्यात जिरवलं होतं.

केस बसवला आणि काय सांगू! बाहेर धो धो पाऊस, छताला ओल, यल्लाप्पाच्या डब्यातल्या मिठाचं पाणी! पण रेघ? पट्टीने आखल्यासारखी!

दिल्लीहून तपासणीला आलेले प्रतापराव रेघ बघून गहिवरले. मग त्यांनी एक दप्तर उघडलं. बोट हिरवं झालं.

"हे काय?"

"बुरशी की हो, सायेब," यल्लाप्पा म्हणाला.

"अशक्य! यंत्र म्हणतंय हवा कोरडी आहे. म्हणजे बुरशी ऐतिहासिक आहे. तिलाही नंबर द्या!"

संध्याकाळी मी यंत्राचं माहितीपुस्तक पहिल्यांदाच उघडलं. केसाला तेल नसावं, नाहीतर त्याला ओल कळत नाही, असं पहिल्याच पानावर छापलं होतं. लाज वाटली. पुस्तक मिटून ठेवलं.

मी कायम झालो! हुकूम नियमाप्रमाणे त्याच खोलीत ठेवला. वर्षाने वरच्या कचेरीने तो मागितला. फाईल उघडली तर माझ्या नावावर हिरवीगार गादी, साहेबांची सही गडप! हुकूम बुरशीने खाल्ला, असं मी कळवलं. उलट टपाली उत्तर आलं: "आपल्याच नोंदींनुसार त्या खोलीत ओल नाही. सबब बुरशी संभवत नाही. मूळ हुकूम सादर होईपर्यंत आपणांस तात्पुरते समजण्यात येईल."

घरी येऊन सुलभाला सगळं कबूल केलं. तिने शांतपणे अंबाडा सोडला.

"आता न्हाऊन देऊ का?"